अफरवटच्या पोटातला जानेवारी

शनिवार : श्रीनगर ते गुलमर्ग

श्रीनगरात पाऊस भुरभुरत होता. टंगमर्गला पोचेपर्यंत त्याचा बर्फ झाला आणि तिथे गाडी बदलावी लागली. पुढच्या तेरा किलोमीटरच्या घाटात साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडत होते. आम्ही तिघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधले काका. या काकांच्या मागे चालत आम्ही दोघं सह्याद्री शिकलो आणि त्यांनी स्की पायात घातली ती पन्नाशी उलटल्यावर, आमच्या नादाने.

बेत असा होता : गोंडोलाने, म्हणजे रोपवेच्या पाळण्याने, गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या धारेवर, म्हणजे ३,९०० मीटरच्या वर जायचं. तिथून धारेने उत्तरेकडे सरकत गोंडोलाची हद्द ओलांडायची, पलीकडच्या मोकळ्या उतारावरून जंगलात शिरायचं आणि थेट खाली बाबा रेशीच्या दर्ग्यापाशी निघायचं. सतराशे-अठराशे मीटरची सलग उतरण. अशी वाट भारतात इतक्या सहज दुसरीकडे मिळत नाही, म्हणूनच जगभरातून माणसं गुलमर्गला येतात.

संध्याकाळी आमचा वाटाड्या हॉटेलवर आला. फेरनच्या, म्हणजे लांब काश्मिरी अंगरख्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची टोपली) धरून बसला आणि नून चाय, म्हणजे खारट चहा, घेता घेता त्याने सगळ्या हिवाळ्याचा हिशेब सांगितला. आम्ही विचारलं होतं, आज किती बर्फ पडलाय. तो सुरू झाला डिसेंबरपासून. डिसेंबरात एकदा बरा बर्फ पडला. मग २१ तारखेला चिल्लई कलान लागलं, चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ, आणि तो जवळजवळ कोरडाच गेला. दिवसा लख्ख ऊन, रात्री निरभ्र आकाश आणि हाडं गोठवणारी थंडी. मग फेब्रुवारीत लागोपाठ पश्चिमी झंझावात आले आणि हा आत्ताचा त्यातला सगळ्यात मोठा.

“ऊपर वाला बर्फ नया है जनाब, नीचे वाला जनवरी का है,” तो म्हणाला. “मुझे जनवरी से डर लगता है.”

भावाने मोबाईलवर डीजीआरईचं बुलेटिन काढलं. मनालीला १९६९ साली सुरू झालेली ‘सासे’ ही हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संस्था आता डीआरडीओच्या या डीजीआरईत सामावली आहे आणि काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरांसाठी धोक्याचा अंदाज तिथूनच येतो. बारामुल्ला जिल्हा, २,५०० मीटरच्या वर, पुढचे चोवीस तास धोका. अंदाज असा जिल्ह्याचा असतो. आपण उभे आहोत तो उतार पूर्वेचा की उत्तरेचा, वाऱ्याच्या आडोशाचा की तोंडावरचा, हे त्यात नसतं. ते ज्याचं त्याने बघायचं.

रविवार : बर्फात पुरलेली पिशवी

दिवसभर बर्फ पडत राहिला. गोंडोला बंद. काकांना बसवेना, म्हणून आम्ही गुलमर्गच्या सपाट मैदानात सरावाला गेलो. उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात, आत्ता कमरेएवढा बर्फ.

प्रत्येकाच्या अंगावर बीकन होता. ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडणारी ही छोटी पेटी. आपण गाडलो गेलो तर बाकीचे आपापल्या पेट्या ‘शोध’वर टाकतात आणि आकड्यांच्या आणि बाणांच्या मागे येतात. वाटाड्याने सगळ्यात आधी आमचे मोबाईल बघितले. बीकन संदेश सोडत असताना मोबाईल, कॅमेरा, हेडलँप त्याच्यापासून किमान वीतभर लांब हवेत, आणि शोधताना निदान अर्धा मीटर. भावाचा मोबाईल छातीच्या खिशात, बीकनला अगदी चिकटून होता. तो पँटच्या खिशात गेला.

मग त्याने एका पिशवीत बीकन घालून ती आमच्या नकळत मीटरभर खोल पुरली आणि घड्याळ लावलं.

पहिला टप्पा पळण्याचा. संदेश मिळेपर्यंत नागमोडी धावत जायचं. मिळाला की बाणामागे. आकडा तीनच्या खाली आला की बीकन अगदी बर्फाच्या पृष्ठभागावर टेकवायचा आणि हळू, न वळवता, आधी उभ्या रेषेत आणि मग आडव्या रेषेत सरकवत सगळ्यात लहान आकडा शोधायचा. इथे हात घाई करतो आणि आकडा उड्या मारायला लागतो. नंतर प्रोब, म्हणजे जोडायची लांब सळई. लहान आकड्याच्या जागेपासून पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर बाहेर बाहेर जात गोल फिरवत टोचायची, उताराला काटकोनात. बर्फात सळई सरसर जाते, जमिनीला खट्कन लागते आणि माणसाला लागली तर थोडी दबून परत येते. पिशवीला लागल्यावर काकांनी सळई वर घेतली, तसा वाटाड्या ओरडला, “निकालना नहीं!” सळई तिथेच ठेवायची, तीच खोदणाऱ्यांची खूण.

आणि मग खोदकाम. सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो, आणि याचाच सराव कोणी करत नाही. सळईच्या डोक्यावर उभं राहून खाली विहीर खणायची नाही. जेवढी खोली, त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जायचं आणि तिथून आडवं आत शिरायचं. म्हणजे फावड्यातला बर्फ वर उचलावा लागत नाही, मागे ढकलता येतो, आणि गाडलेल्या माणसाच्या नाकापुढे उरलेली हवेची पोकळी आपल्याच वजनाने बुजत नाही. आम्ही खणत होतो तो ताजा, मऊ बर्फ. खऱ्या हिमस्खलनाचा बर्फ थांबताक्षणी असा आवळतो की हाताने उकरताच येत नाही. प्लॅस्टिकचं फावडं तिथे मोडतं. धातूचंच हवं.

एवढी घाई कशासाठी, तर बर्फाखाली माणूस मरतो तो बहुतेक वेळा गुदमरून. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासाच्या पुढे वाचणारे दहात तीनच्या आसपास उरतात. गावातून मदत येईपर्यंत तो वेळ संपलेला असतो. वाचवणार ते बरोबरचेच.

हे मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून, नाशकाहून शेकडो मुलंमुली बर्फातले ट्रेक करायला हिमालयात जातात. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत आम्ही दोर, हेल्मेट, टॉर्च यावरून वाद घालतो आणि बर्फात जाताना विचारतो ते जॅकेट भाड्याने मिळेल का. वाट हिमस्खलनाच्या उताराखालून जात असेल, तर बीकन, प्रोब आणि फावडं हे तिन्ही माणशी हवं. तिन्हींतलं एक नसेल तर उरलेल्या दोघांचा उपयोग नाही.

सोमवार : खड्डा

सकाळी पडदा सारला तर आभाळ निळंशार. पीर पंजाल चकाकत होता आणि हॉटेलसमोरून स्की खांद्यावर टाकून लोक गोंडोलाकडे पळत होते. गोंडोलाचा वरचा, दुसरा टप्पा मात्र बंद होता. मोठ्या बर्फानंतर स्की पॅट्रोल वरचे उतार तपासतं, लागेल तिथला बर्फ पाडून घेतं आणि मगच अफरवटचा पाळणा सुटतो. म्हणून आम्ही पहिल्या टप्प्याने कोंगडोरीपर्यंत गेलो. तिथून स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, लावून जंगलाच्या वरच्या कडेला चढलो आणि वाटाड्याने एक लहानसा, छोट्या उंचीचा उतार निवडला. तोंड ईशान्येला, म्हणजे आम्हाला उतरायचं होतं त्याच दिशेला. वर काही लटकलेलं नाही, खाली घळ नाही. “खड्डा धोक्याच्या उतारासारख्या उतारावर काढायचा, धोक्याच्या उतारावर नाही,” असं तो म्हणाला.

दीड मीटर खोल खणल्यावर जमिनीवरचं सुकलेलं गवत लागलं. वरच्या बाजूची भिंत त्याने फावड्याने तासून सपाट केली, मग हातमोज्याची कड भिंतीवरून वरून खाली अलगद ओढली. डोळ्यांना सगळं सारखंच पांढरं दिसत होतं. बोटांना तसं वाटत नव्हतं. वरचे चाळीसेक सेंटिमीटर कालपरवाचे, त्यात अख्खी मूठ सहज शिरत होती. त्याखाली फेब्रुवारीतले आधीचे बर्फ, वाऱ्याने दाबलेले, चार बोटं जेमतेम, मग एकच बोट, एका पट्ट्यात तर पेन्सिलच शिरेल इतका टणक. आणि त्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, पुन्हा मूठ आरपार. मी तिथला बर्फ मुठीत घेऊन दाबला. गोळा होईना. कोरड्या साबुदाण्यासारखा बोटांच्या फटींतून ओघळून गेला.

हाच तो जानेवारी. डिसेंबरातला बर्फ पातळ होता. खाली जमिनीशी तापमान शून्याच्या आसपास, वर निरभ्र रात्रीची उणे पंधराची हवा, आणि मध्ये जेमतेम तीस-चाळीस सेंटिमीटर बर्फ. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की बर्फातली वाफ खालून वर सरकायला लागते आणि कणाकणावर नव्याने गोठते. एकमेकांत गुंतलेले कण सुटे होतात, त्यांना कोन आणि पैलू येतात. जास्त दिवस गेले तर पेल्यासारखे पोकळ स्फटिक होतात. भिंगातून बघितले, त्यांच्या कडांवर बारीक पायऱ्या दिसत होत्या, फार सुंदर. त्यांच्यात एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद जवळजवळ नसते. ढगाळ, बर्फाळ जानेवारी असता तर हा थर झालाच नसता. आणि बर्फ एकदा वर पडला की तो झाकला जातो, नाहीसा होत नाही.

मग चाचणी. भिंतीपासून नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा बर्फाचा खांब त्याने दोरीने कापून मोकळा केला. एका टोकाला वर फावडं उताणं ठेवलं आणि त्यावर थापा मारायला सुरुवात केली. पहिल्या दहा नुसत्या मनगटातून. काही नाही. पुढच्या दहा कोपरातून. त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या थापेला तळातून बारीक ‘खस्’ असा आवाज आला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सबंध खांब एकदम आमच्या अंगावर सरकला. वरचा मीटरभर जाडीचा सगळा ठोकळा, अखंड. शेवटच्या दहा, खांद्यातून मारायच्या, त्यांची वेळच आली नाही.

थापा किती लागल्या याहून जास्त बोलतं ते, चीर खांबभर पळाली हे. ती फावड्याखालीच थांबली असती तर अर्थ वेगळा होता. नव्वद सेंटिमीटर पळाली ती नव्वद मीटरही पळू शकते, आणि मग उताराच्या मध्यावर उभ्या माणसाच्या डोक्यावर शंभर पावलांवरून स्लॅब, म्हणजे वरच्या बर्फाची अखंड लादी, तुटतो.

काका बराच वेळ तो सरकलेला ठोकळा बघत होते. म्हणाले, “अरे, कातळ निसटणार असेल तर आधी हलतो, आवाज करतो. याने तर काहीच सांगितलं नव्हतं.”

सांगितलं, पण जरा वेळाने, परतताना. सपाटीवर भावाने पाऊल टाकलं आणि आमच्या पायांखालचा सगळा पट्टा ‘धप्’ करून बोटभर खाली बसला. आवाज पोटात जाणवला. सपाटी होती म्हणून बर्फ जागेवर बसला. तीस अंशांचा उतार असता तर निघाला असता.

मंगळवार : निळं आभाळ

दुसरा टप्पा उघडला. रांगेत तासभर. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सणाचा आनंद, आणि तो स्वाभाविक आहे : इतका बर्फ, इतकं ऊन. पण बर्फातल्या अपघातांचा इतिहास याच दिवसांनी भरलेला आहे. वादळात माणसं घरात बसतात. वादळानंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवशी ती उतारांवर असतात, आणि वरच्या ओझ्याला खालच्या थराशी जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नसतो. शिवाय ज्या हिमस्खलनांत माणसं मरतात त्यातल्या दहापैकी नऊ ती स्वतः किंवा त्यांच्या बरोबरचेच सुरू करतात. डोंगर आपोआप कोसळल्यामुळे मेलेले थोडे.

गुलमर्गला हे नवीन नाही. २०१० च्या ८ फेब्रुवारीला इथल्याच खिलनमर्गजवळ हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे प्रशिक्षण घेणारे सतरा जवान गेले, ज्यांचं शिक्षणच बर्फात राहण्याचं होतं. २०२३ च्या १ फेब्रुवारीला हापतखुदच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले. २०२४ चा जानेवारी तर इतका कोरडा होता की गुलमर्गच्या मैदानातलं गवत उघडं पडल्याचे फोटो देशभर छापून आले. महिनाअखेरीपासून बर्फ सुरू झाला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेला, बरोबरच्यांना बाहेर काढता आलं. आधी कोरडा काळ, मग भरभरून बर्फ, हा क्रम ऐकला की मी आता सावध होते.

वर पोचलो तेव्हा धारेवर वारा होता आणि बर्फाचा धूर आमच्या बाजूला, पूर्वेला उडत होता. पश्चिमी झंझावातातला वारा पलीकडच्या उतारांवरचा बर्फ उचलतो आणि गुलमर्गच्या बाजूच्या कुशीत आणून टाकतो. आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने तो असा साठतो. म्हणजे खाली चाळीस सेंटिमीटर मोजला तिथे धारेच्या आडोशाला मीटरभर असू शकतो, आणि आम्हाला नेमकं तिथूनच उतरायचं होतं.

काकांनी उत्तरेकडे बोट दाखवलं. उघड्या उताराच्या कडेने एक अरुंद घळ खाली जंगलापर्यंत गेली होती. दोन्ही बाजूंना खडक, मध्ये पांढरी पट्टी. “मोकळ्या उतारावर नको, मग या नाळेतून उतरू या,” ते म्हणाले. “सरळ खाली निघते.”

सह्याद्रीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. तिथे धार सोडून खाली यायचं तर नाळ शोधायची, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. पाणी जिथून वाट काढतं तिथून माणूसही काढतो. बर्फात हेच ज्ञान उलटतं. नाळेच्या दोन्ही काठांवरचा बर्फ नाळेतच येतो. मोकळ्या उतारावर जो लोट पसरून गुडघाभर राहील, तोच नाळेत साचून चार माणूस खोल होतो. आणि बाजूला पळायला जागा नाही. बर्फात धार, सोंड आणि दाट झाडी सुरक्षित. नाळ शेवटची.

वाटाड्याने हुज्जत घातली नाही. भावाच्या मोबाईलवरचं कोन मोजायचं ॲप उघडून त्याने तो उतार दुरून बघायला लावला. छत्तीस-सदतीस अंश. स्लॅब सुटतात ते तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, आणि सगळ्यात जास्त नेमके याच आकड्याच्या आसपास. स्की करायला सगळ्यात गोड वाटणारा उतारही हाच. “आज नहीं,” एवढंच तो म्हणाला. मग आम्ही चौघांनी एकेक करून आपलं मत सांगितलं. वाटाड्याचा नियम असा होता की एकानेही नको म्हटलं तर जायचं नाही, कारण विचारायचं नाही. सगळ्यांनीच नको म्हटलं. भावाचा चेहरा पडला होता. “ताई, परत कधी येणार आपण?” एवढं बोलला आणि स्की गोंडोलाखालच्या, पॅट्रोलने उघडलेल्या उताराकडे वळवल्या.

दुपारी कोंगडोरीहून वर बघताना आमच्या त्या कुशीच्या शेजारी, अजून उत्तरेला, पांढऱ्या उतारावर एक करडी आडवी रेघ दिसली. दुर्बिणीतून बघितलं तर तुटलेल्या स्लॅबची कड, उभी, कापल्यासारखी, आणि खाली ढेकळांचा ढीग. सकाळी ती नव्हती. वर जाणाऱ्या पावलांचा मागही नव्हता, म्हणजे आपोआप सुटलेला. पॅट्रोलला कळवलं. त्यांनी आधीच बघितलं होतं.

बुधवार : झाडीतून बाबा रेशीला

उतरायचं होतं ते उतरलोच, पण कोंगडोरीच्या खालून आणि दाट झाडीतून. कुठेच पंचवीस अंशांच्या वर नाही, आणि डोक्यावर मोठा उघडा उतार नाही अशी वाट वाटाड्याने नकाशावर आखली होती. उतार मोजताना हे दुसरं विसरतं : आपण सपाटीवर असलो तरी वरून येणारा लोट सपाटीवरही पोचतो.

वाटेत एक मोकळी पट्टी आडवी आली. तिच्या कडेची फरची झाडं वाटाड्याने दाखवली. डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या तीन-चार मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या, साल सोललेली, खालच्या बाजूच्या शाबूत. पट्टीत मोठं झाड एकही नाही, फक्त वाकलेली बारीक भूर्जं. दर काही वर्षांनी इथून लोट जातो आणि झाडांना मोठं होऊ देत नाही. आम्ही एकेकटे, अंतर ठेवून ओलांडली. एक पार होईपर्यंत बाकीच्यांनी त्याच्यावरून नजर हलवायची नाही. गाडला गेलाच तर शेवटचा कुठे दिसला हे माहीत असणं म्हणजे शोधाची अर्धी मिनिटं वाचणं.

दाट फरच्या जंगलात बर्फ खोल, कोरडा आणि शांत होता, आणि स्की अशी चालली की भाऊ कालचं विसरला. दुपारी बाबा पयामुद्दीन रेशींच्या दर्ग्यापाशी पोचलो. पंधराव्या शतकातले हे संत. आवारात बायका चुलीला माती लिंपत होत्या, नवसाची प्रथा आहे इथली. बाहेरच्या टपरीवर नून चाय आणि गिरदा, म्हणजे काश्मिरी रोटी.

तिथे काकांनी उत्तरकाशीचा विषय काढला. २०२२ च्या ४ ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा दोन या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि एकोणतीस जणांचा जीव गेला. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत चढलेली मुलगी. काकांच्या ओळखीतल्या बऱ्याच मुलांनी त्याच संस्थेत कोर्स केला आहे. ते म्हणाले, ऑक्टोबर म्हटलं की आपण हिमस्खलनाचा विचारच करत नाही. वाटाड्या म्हणाला, पावसाळा संपता संपता वर ताजा बर्फ पडतो, वारा तो कुशीत भरतो, बर्फ कॅलेंडर बघत नाही.

गुरुवार : उतरताना

हवा एकदम पालटली. सकाळी दहालाच कोट काढावे लागले. पूर्वेच्या उतारांवर ऊन पडलं तसे बर्फाचे गोळे सुटून चाकांसारखे खाली घरंगळायला लागले. हा आता वेगळा धोका, ओल्या बर्फाचा. कोरड्या स्लॅबपेक्षा हळू, पण फार जड. वाटाड्याने त्या दिवशी एका गटाला सकाळी नऊच्या आत उतरवून परत आणलं होतं. आमच्या हॉटेलच्या पत्र्यावरून खोलीभर बर्फ धडाडून आवारात पडला. तिथे थोड्या वेळापूर्वी काकांच्या बॅगा होत्या. गुलमर्ग-टंगमर्गात पत्र्यांखाली उभं राहू नये, हेही लिहून ठेवते.

निघताना वाटाड्याला विचारलं की तो जानेवारीचा थर कधी जाईल. तो म्हणाला, वर अजून बर्फ पडून खालचे कण दाबले गेले तर हळूहळू आवळतील, नाहीतर मार्चमधल्या पावसाने पाणी तळापर्यंत मुरेल आणि एकतर सगळं सुटेल किंवा गोठून एकसंध होईल. तोवर तो दर आठवड्याला खड्डा काढणार.

पुण्याला आल्यावर त्याचा फोटो आला. तीच जागा, नव्याने तासलेली भिंत, तळाशी काडीने ओढलेली रेघ. खांब या वेळी खांद्यातून मारलेल्या थापांना तुटला होता, पण तुटला होता त्याच रेघेवर आणि चीर शेवटपर्यंत गेली होती. खाली लिहिलं होतं, “अभी बाकी है.” भावाने तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं की बीकन, प्रोब, फावड्याचे चार संच ग्रुपच्या वर्गणीतून घ्यायचे का. काकांनी पहिली वर्गणी भरली, आणि पुढच्या रविवारी पर्वतीच्या पायथ्याच्या मैदानात वाळूच्या ढिगात पिशवी पुरून सराव ठेवला आहे.